नववं कलम

३ डिसेंबर, बुधवार

शेवटी माझ्याच गळ्यात पडलं. ऑनलाइन बैठकीत मी माइक बंद, कॅमेरा बंद करून कोथिंबीर निवडत बसले होते, तरी रंगनाथ सरांनी शोधून काढलंच. म्हणे, "आपल्या उज्वलाताई रोज करारनामे लिहित्या. त्यांच्या हाताला कायद्याची सवय हे." सवय आहे हो सर, भाडेकरारांची! पाणीपट्टी कोणी भरायची आणि भिंतीला खिळे ठोकायचे की नाही, हेच मी नोटरीच्या ऑफिसात बसून दिवसभर लिहिते. त्यातून माणसांनी एकमेकांशी कसं वागावं ते कुठून येणार?

इतकी वर्षं आम्ही चाळीसेक माणसं आपापल्या घरी बसून, फुकट, 'कानोसा' चालवतोय. ज्यांना दिसत नाही त्यांना फोनवरचं मराठी वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. एवढ्या वर्षांत नियमांची आठवण कोणाला झाली नाही. आता एका कॉलेजला आपली मुलं आमच्याकडे कामाला पाठवायची आहेत, तर त्यांची अट – आधी तुमची आचारसंहिता दाखवा. दहा जानेवारीच्या आत. मसुदा समिती: मी, सर आणि पुण्याच्या कंपनीतला आमचा सार्थक. म्हणजे मी.

सोमनाथ एवढंच म्हणाला, "लिहा काय लिहायचं ते. मला कोड लिहू द्या." कानोसा त्याने एकट्याने सुरू केलं. त्याला स्वतःला जन्मापासून दिसत नाही. आतलं इंजिन अजूनही फक्त त्यालाच कळतं. तो नियमांकडे लक्ष देणार नाही हे ठरलेलंच होतं.

४ डिसेंबर, गुरुवार

पहिलं वाक्य: "सर्व सदस्यांनी परस्परांशी सौजन्याने वागावे." खोडलं. असलं एसटीतही लिहिलेलं असतं.

७ डिसेंबर, रविवार

काल सोमनाथ पुन्हा सुटला.

मीना म्हणून नवीन मुलगी आलीय, पेठकडची. त्या डोंगरपट्ट्यातल्या कोकणी आदिवासींच्या बोलीचे उच्चार कानोसाला शिकवायचं काम तिने आपणहून घेतलं. तिची पहिलीच फाइल आत गेली आणि काय गडबड झाली कोण जाणे, संध्याकाळभर सगळ्यांच्या फोनवर आकडे गाळून वाचले जायला लागले. बसचा नंबर नाही, औषधाचा डोस नाही. सोमनाथने फाइल काढली आणि कामाच्या पानावर सगळ्यांदेखत लिहिलं – "ही कोणी घुसडली? अक्कल गहाण ठेवली असेल तर डोंगरात जाऊन शेळ्या राखा. इथे माणसं या आवाजाच्या भरवशावर गोळ्या घेतात."

त्याखाली हसऱ्या तोंडांची रांग. आमच्यात पद्धतच पडून गेलीय तशी. सोमनाथदादाची शिवी खाल्ली की माणूस आत आला! सार्थकला तो एकदा म्हणाला होता, "तुझ्यापेक्षा मिक्सरला जास्त कळतं." सार्थकने ते टी-शर्टवर छापून घेतलं आणि अजून घालतो.

मीही एक हसरं तोंड टाकलं. सवयीने जातो हात.

मीनाचं उत्तर नाही.

१० डिसेंबर, बुधवार

मीना आज ऑफिसात आली. समोर उभी राहिली तेव्हा मी डबा उघडला होता आणि तिला ओळखलंही नाही. फोटोपेक्षा लहान दिसते. इथेच रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये कामाला आहे. मी तिला पोळी दिली, तिने ती हातात धरून ठेवली.

काचबिंदूने तिच्या आईचे – झुंबरबाईंचे – डोळे गेले. मीनाने आईच्या फोनवर कानोसा टाकून दिलं. आवाज आहे रंगनाथ सरांचा, त्यांनीच बसून रेकॉर्ड केलेला. "आई म्हणते, हा कोण मास्तर घरात शिरला? आपलं बोलतच नाय." मला हसू आलं, तीही जरा हसली. म्हणून तिने हे काम हातात घेतलं. लॅब सुटल्यावर रात्री एकेक शब्द आईकडून वदवून घ्यायचा.

मी म्हटलं, अगं, सोमनाथचं मनावर घेऊ नकोस, तो सगळ्यांनाच बोलतो.

"सगळ्यांना वेगवेगळं बोलतात ना पण, ताई. मला शेळ्या राखायला सांगितलं. आमच्याकडे खरंच शेळ्या आहेत. डोळे जायच्या आधी आई राखायची. त्यात शिवी काय ते मला कळलं नाय. पण सगळे हसले तेव्हा कळलं."

मग म्हणाली, "तुम्हीपण हसला होता."

भाजी तशीच राहिली. ती रागावलेली नव्हती, तेच जास्त लागलं. म्हणाली, "मला माफी नको, ताई. एवढंच सांगा, आपल्यात असं चालतं का? चालत असेल तर मी जाते, कोणाशी भांडण नाय. नसेल चालत तर तसं लिहा. नियम झाले की पहिली तक्रार मी देणार."

पोळी कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवली आणि गेली. तिची जेवणाची सुट्टी संपत आली होती.

११ डिसेंबर, गुरुवार

आता एकही वाक्य साधं राहिलं नाही. काहीही लिहिलं तरी ते एक तर सोमनाथवर जातं, नाहीतर मीनावर.

१३ डिसेंबर, शनिवार

सरांचा फोन. मीना मला भेटून गेली ते मीच त्यांना सांगितलं होतं – समितीत आहेत, लपवायचं कशाला. आता वाटतं, कशाला सांगितलं.

"ताई, पोरीचं बरोबर हे. मी नाय म्हणत नाय. पण आपल्याला घर मोडायचं नाय." सर विंचूरला हेडमास्तर होते, निवृत्त झाल्यावर गावच्या तंटामुक्ती समितीत बसले. "पाच वर्षं आमच्या गावातून एक तक्रार चौकीत गेली नाय. सगळं बसून मिटवलं." मी विचारलं, मिटवलं म्हणजे काय केलं, सर? म्हणाले, "ज्याला समजुतीनं घेता येतं त्याला समजून सांगितलं." म्हणजे जो ऐकतो त्याने गप्प बसायचं! हे मी बोलले नाही. बोलायला हवं होतं.

पुढे जे म्हणाले त्याने मात्र माझी पाचावर धारण बसली. "सोमनाथच्या अंगाला लागलं अन् तो उठून गेला तर? एकदा बंद पडलं तर तुम्ही चालवणार, का मी?" तो आधी एकदा असा उठून गेला होता, तीन आठवडे. नगरच्या एका बाईने फोन करून विचारलं होतं, "ताई, माझा फोन मुका झालाय, कधी बोलेल?" तिला काय सांगावं ते मला कळत नव्हतं. ती पाळी पुन्हा नको.

१६ डिसेंबर, मंगळवार

कालपासून महापालिका निवडणुकीची आचारसंहिता लागली. आमच्या चौकातल्या वाढदिवसाच्या फलकांवरच्या सगळ्या नेत्यांवर कागद डकवलेत. ऑफिसात जो येतो तो मला विचारतो, "मॅडम, तुमचीपण लागली का?"

आठ कलमं झाली. चांगली झालीत, मीच म्हणते. सौजन्य वगैरे काही नाही, सरळ लिहिलंय. कामावर बोला, माणसावर नको. कोणाचं गाव, जात, बोली, शरीर, धंदा चेष्टेला घ्यायचा नाही. चेष्टा होती की नव्हती ते करणाऱ्याने ठरवायचं नाही. तक्रार कोणीही कोणाविरुद्ध देऊ शकतो, आणि सध्या ती आम्हा तिघांची समितीच ऐकणार. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो समितीत बसणार नाही. उत्तर लेखी, सात दिवसांत.

सार्थकने वाचून अंगठा पाठवला. मागोमाग फोन. "ताई, एक नंबर हे. पण दादाचं काय करायचं?"

२१ डिसेंबर, रविवार

ठरवलं, की सोमनाथला सरळ जाऊन सांगायचं. द्वारका चौकात त्याच्या घरी गेले. कुंभमेळ्याच्या नावाने सगळे रस्ते उकरून ठेवलेत, रिक्षावाल्याने अलीकडेच सोडलं. सोमनाथ टायरच्या दुकानावर राहतो. खाली इतका गोंगाट आणि हा वर कानात इअरफोन घालून बसलेला. त्याच्या फोनवरचे सर इतक्या वेगाने बोलतात की मला एक अक्षर कळत नाही. त्याला कळतं, आणि मधेच हसतोही.

त्याच्या आईने, वत्सलाबाईंनी चहा दिला. म्हणाल्या, "बोल बाई तूच त्याला काही. जेवायला उठत नाही." त्या आत गेल्या आणि मी तोंड उघडणार, तेवढ्यात तोच म्हणाला –

"काय, आचारसंहिता? लिही. कलम पहिलं, सोमनाथने शिव्या देऊ नयेत."

आणि हसला.

त्याने दार उघडून दिलं होतं! मी फक्त आत जायचं होतं. 'हो, तेच सांगायला आलेय,' एवढं म्हटलं असतं तरी झालं असतं. पण मीही हसले. चांगलं मोठ्याने, त्याला ऐकू जाईल असं.

मग त्याने विचारलं, "ती मीना गप्प का झाली? चुका करते, पण कान चांगला आहे तिचा. मला हवीय ती."

मी म्हटलं, "कामात असेल."

परत येताना रिक्षात इतका राग येत होता, आणि सगळा त्याच्यावर. त्याला कसं कळत नाही? मग वाटलं, कळणार कुठून? आम्ही कधी कळूच दिलं नाही. त्याच्या प्रत्येक शिवीला आम्ही हसरं तोंड पाठवलं. ते त्याला 'हसरा चेहरा' असं वाचून दाखवलं जातं. त्याने काय समजायचं?

२२ डिसेंबर, सोमवार

मीनाचा मेसेज: "ताई, झाले का नियम?" लिहिलं, "होतायत."

२८ डिसेंबर, रविवार

आज समितीने जे ठरवलं ते इथे लिहून ठेवते. दुसरीकडे कुठे लिहायची लाज वाटते.

सरांचं म्हणणं असं – आठ कलमं आहेत तशी कॉलेजला द्यायची. त्याबाहेर एक नववं, फक्त आपसातली समज म्हणून. सोमनाथविरुद्ध तक्रार घ्यायची नाही, काही झालंच तर समितीने बोलून मिटवायचं, आणि आधी झालं ते झालं. हे सगळ्या सदस्यांना मान्य असलं पाहिजे, नाहीतर उद्या कोणी उठेल. म्हणजे सगळ्यांना विचारायला हवं. पण सोमनाथला कळता कामा नये.

मी म्हटलं, मग वेगळा ग्रुप करा. त्यावर सर एकदम ताठ झाले. "नाय. त्याच्या पाठीमागं काही करायचं नाय. ग्रुप फोडला की माणसं फुटती."

तेव्हा सार्थक म्हणाला, "सिंपल हे. आहे त्याच ग्रुपवर टाका, फोटो काढून. छापील असेल तर दादाचा फोन फोटोतलंही वाचतो. ताई, तुम्ही हाताने लिहा. हाताचं मराठी अजून कुठलाच फोन नीट वाचत नाही."

सर म्हणाले, "म्हणजे सगळ्यांसमोरच झालं ना मग."

आमच्या ग्रुपला आजवर एकच नियम होता. चित्र टाकलं की खाली वर्णन लिहायचं, म्हणजे ज्याला दिसत नाही त्याला कळेल. शुभेच्छांचं फूल टाकलं तरी "पिवळं फूल, पानावर दव" असं लिहावं लागतं. नवीन माणसाला पहिल्या दिवशी आम्ही हेच शिकवतो. मी विचारलं, या कागदाखाली काय लिहू? सार्थक म्हणाला, "न्यू इयर येतंय ना."

मी नाही म्हणायला हवं होतं. म्हटलं, "बघते."

१ जानेवारी, गुरुवार

टाकला. आखीव कागद, निळं पेन, चांगलं अक्षर काढून. त्यातलं एक वाक्य माझं आहे, सरांनी सांगितलेलं नाही. ते इथे पुन्हा लिहिते, म्हणजे उद्या मला विसरायची सोय राहणार नाही – "त्यांना दिसत नाही, कामाचा ताण असतो, अजाणता बोललं जातं, तरी आपण त्यांना सांभाळून घ्यावं. मान्य असल्यास अंगठा द्यावा."

फोटोखाली वर्णन: "नवीन वर्षाच्या शुभेच्छा."

पाचच मिनिटांत सोमनाथचं उत्तर आलं. "आभार, उज्वला. तुम्हा सगळ्यांनाही."

मी फोन गादीखाली ठेवून दिला आणि भांडी घासायला घेतली. घासलेलीच होती.

२ जानेवारी, शुक्रवार

अंगठ्यांचा पाऊस. जवळजवळ सगळ्यांचे. एकानेही विचारलं नाही की खालचं वर्णन असं का. दोघांनी तर चक्क हात जोडलेले. मीनाचा अंगठा नाही.

सोमनाथने संध्याकाळी फोन केला, दुसऱ्याच कामासाठी. ठेवता ठेवता म्हणाला, "काय गं, शुभेच्छांना अंगठा कधीपासून देतात लोक?" मी म्हटलं, "काय माहीत, नवीन पद्धत." तो "हं" म्हणाला. ते 'हं' अजून माझ्या कानात आहे.

३ जानेवारी, शनिवार

सकाळी ओटा पुसत होते. ग्रुपवर मीनाचा मेसेज.

"१ तारखेच्या चित्राचं वर्णन चुकलं आहे. बरोबर वर्णन असं – आखीव कागद, निळी शाई, अक्षर सुबक. खाली उजव्या कोपऱ्यात चहाचा डाग. मजकूर:"

आणि पुढे सगळं, शब्दाला शब्द. तक्रार घ्यायची नाही. झालं ते झालं. त्यांना दिसत नाही. सांभाळून घ्यावं. शेवटी – "अंगठा दिलेले सदस्य:" आणि सगळी नावं. स्वतःचं एक वाक्यही घातलं नाही तिने. आम्ही शिकवलं तसंच केलं.

सार्थकचा फोन, "ताई, डिलीट करा! तुम्ही अ‍ॅडमिन आहात. दादा अंघोळीला असतो आत्ता, पटकन!" तो ठेवला तोवर सरांचा. "ताई, पुसा ते. पोरीला मी समजावतो." मेसेजवर बोट ठेवलं, पुसायचं चिन्ह वर आलं. दाबलं नाही.

इथे मोठेपणा लिहावासा वाटतो. की मी विचार केला, ती नियम पाळतेय आणि मी नियम लिहिणारी तिला पुसणार का, वगैरे. तो विचार आलाही, पण नंतर. खरं म्हणजे, सोमनाथ आज ना उद्या ऐकणारच, तर आत्ताच ऐकू दे आणि एकदाचं संपू दे, एवढंच मनात होतं.

त्याने ऐकलं. दुपारी फोन आला. मी ओरड्याची तयारी ठेवली होती, पण तो हळू बोलला. इतक्या वर्षांत तो माझ्याशी हळू बोललेला मला आठवत नाही.

"सरांच्याच आवाजात ऐकलं. 'त्यांना दिसत नाही, सांभाळून घ्यावं', सर माझ्या कानात म्हणत होते. मी तीनदा ऐकलं."

मी म्हटलं, "सोमनाथ, ते वाक्य माझं."

"माहितीय. सर असं लिहीत नाहीत." मग म्हणाला, "मला सूट दिलीत? आंधळा म्हणून माझं वाईट माफ, तर मग मी जे चांगलं केलं तेही आंधळा म्हणूनच चांगलं म्हणत होता का इतकी वर्षं?"

मी रडले. तो थांबला नाही, समजूतही घातली नाही. शेवटी म्हणाला, "मीनाचा नंबर दे."

"तिला विचारून देते."

"तेवढं तरी बरोबर केलंस."

मीनाने द्या म्हटलं. दोघं काय बोलले, बोलले की नाही, मला माहीत नाही.

४ जानेवारी, रविवार

आजची बैठक. एवढी माणसं कधी येत नाहीत. सगळ्यांचे माइक बंद.

सोमनाथ सुरुवातीलाच बोलला. "मीना, माझं ते वाक्य मी यंत्राला पुन्हा वाचायला लावलं. दुसऱ्याने म्हटल्यासारखं ऐकलं. असं चालत नाही. समिती जे ठरवेल ते मी मान्य करीन. फाइलमध्ये चूक मात्र होती."

मीना म्हणाली, "हो दादा, चूक होती. दुरुस्त केलीय. आज टाकते."

"टाक. मी तपासतो."

संपलं! एवढंच होतं. महिनाभर मी यासाठी झोप घालवली.

आठही कलमं मंजूर झाली. नववं सोमनाथने नाव घेऊन खोडायला लावलं आणि त्या जागी दुसरं घातलं – मागच्या दोन महिन्यांतल्या गोष्टींनाही नियम लागू. सार्थकने लगेच हात वर केला. सर शेवटी खाकरून म्हणाले, "चला, तंटा मिटला म्हणायचा." कोणीतरी हसलं, मग सगळेच हसले. मीसुद्धा. सोमनाथ आणि मीना तेव्हा बैठकीत होते की निघून गेले होते, बघितलं नाही.

६ जानेवारी, मंगळवार

सोमनाथविरुद्धची मीनाची तक्रार अजून आली नाही. देणार नाही बहुतेक. बरंच झालं. कॉलेजला मसुदा पाठवला. तिथल्या बाईंचं उत्तर आलं, "फारच स्पष्ट आणि सुंदर." सरांना वाचून दाखवलं. आज किती दिवसांनी जेवण गोड लागलं. मीनाची फाइलही आत गेली. ऑफिसात हेडफोन लावून एक ओळ ऐकली. सरांचाच आवाज, पण बोलतोय वेगळंच. झुंबरबाईंना आता मास्तर आपला वाटेल.

९ जानेवारी, शुक्रवार

पहिली तक्रार आली. खाली दोन नावं – मीना आणि सोमनाथ. दोघांनी मिळून लिहिलीय. "एकाला दिसत नाही म्हणून आणि एकीला बोलता येत नाही असं धरून, आम्हा दोघांना परस्पर मिटवण्यात आलं." विरुद्ध: उज्वला, रंगनाथ, सार्थक. माझं नाव पहिलं, कारण अक्षर माझं.

समितीत आता कोणी उरलं नाही. उत्तर लेखी द्यायचंय, सात दिवसांत. मघापासून मी माझीच आठ कलमं पुन्हा पुन्हा वाचतेय. स्वतःसाठी कुठे फट सापडते का बघतेय, आणि एकही सापडत नाही.